हत्शेप्सुतवर लिहिताय? या चुका टाळा

सावत्र आईने गादी बळकावली, मुलगा मनात धुमसत राहिला आणि ती मेल्यावर त्याने भिंतींवरून तिचं नाव खरवडून काढलं. प्राचीन इजिप्तवर राजा म्हणून राज्य करणाऱ्या हत्शेप्सुतची गोष्ट बहुतेक अशीच सांगितली जाते. ऐकायला झकास, पण सनावळी मांडली की कोलमडते.

हत्शेप्सुत वारली इ.स.पू. १४५८ च्या सुमारास. खोडाखोड सुरू झाली ती त्यानंतर किमान वीस वर्षांनी, त्या सावत्र मुलाच्या, म्हणजे थुतमोस तिसऱ्याच्या उतारवयात. सूड घ्यायला एवढा मुहूर्त कोण बघतं? शिवाय ती असताना त्याला काही अडगळीत टाकलेलं नव्हतं. कर्नाकच्या मंदिरातल्या लाल दगडी देवघरावर दोघंही राजवेशात कोरलेले आहेत. पुढे ती, मागे तो. खोडलं गेलं ते मुख्यतः तिचं ‘राजा’ हे रूप. पट्टराणी म्हणून तिची जी चित्रं होती, त्यातली बरीच शाबूत आहेत. थुतमोसचा मुलगा अमेनहोतेप दुसरा याच्या वारशाला पुढे कुणी आव्हान देऊ नये म्हणून हा खटाटोप असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. मला तरी हे रागापेक्षा जास्त पटतं. फोडलेल्या पुतळ्यांचे फोटो ‘द्वेषाचा पुरावा’ म्हणून लावू नका. त्यातले बरेच मान, कंबर आणि गुडघे इथे मोडलेले आहेत, आणि पुतळ्यातली शक्ती काढून घ्यायची ती तिथली रूढ पद्धत होती, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो.

दुसरी चूक बेरजेची. तिच्या राज्याची २२ आणि त्याच्या राज्याची ५४ अशी वर्षं एकापुढे एक मांडू नका. दोघांची वर्षं एकाच दिवसापासून, म्हणजे लहानग्या थुतमोसच्या राज्यारोहणापासून मोजली जात. आधी ती फक्त कारभार पाहत होती. तिचा विश्वासू अधिकारी सेनेनमुत याच्या आईवडिलांच्या थडग्यात सातव्या वर्षाची नोंद असलेला रांजण मिळाला, आणि त्याच थडग्यातल्या रांजणांवर तिच्या राजनावाचा, ‘मातकारे’चा, शिक्का आहे. म्हणजे तोवर ती फॅरो, म्हणजे इजिप्तचा राजा, झाली होती. (सेनेनमुत तिचा प्रियकर होता, हे मात्र छातीठोकपणे लिहू नका. पुरावा नाही.)

नात्यांत तर भलताच गोंधळ होतो. थुतमोस पहिला तिचा बाप, दुसरा नवरा आणि सावत्र भाऊ, तिसरा सावत्र मुलगा. त्याची आई इसेत. हत्शेप्सुतची माहीत असलेली मुलगी एकच, नेफेरुरे. तिसऱ्या थुतमोसची राणी मेरित्रे-हत्शेप्सुत हिला नावावरून हिची लेक ठरवतात, त्याला आधार नाही.

‘इजिप्तची पहिली स्त्री फॅरो’ हेही खोडा. बाराव्या राजवंशाच्या शेवटी सोबेकनेफेरू राज्य करून गेली होती, हत्शेप्सुतच्या सुमारे तीनशे वर्षं आधी. आणि खोटी दाढी लावून हिने लोकांना फसवलं वगैरे नाही. दाढी हा राजवेशाचा भाग होता आणि त्याच पुतळ्यांवरच्या मजकुरात तिच्यासाठी स्त्रीलिंगी रूपं सर्रास येतात.

राहिली ममी. २००७ मध्ये एका दातावरून ‘राजांच्या दरी’तल्या केव्ही-६० क्रमांकाच्या थडग्यातली ममी तिची असल्याचं जाहीर झालं, पण ते सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. फोटोखाली ‘हत्शेप्सुतची मानली जाणारी ममी’ एवढंच लिहा.