घरच्या गाडीला कॅरॅव्हॅन जोडताना: आधी 'उलार' समजून घ्या

एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली बरीचशी रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावर. तरी निवळीच्या उतारावर साडेसातशे किलोच्या डब्यानं मला घाम फोडला. मुलानं कोल्हापूरहून एक जुनी, एका आसाची छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली, घेतली होती. ती घरच्या डिझेल गाडीला जोडून आम्ही मे महिन्यात लेकीकडे चिपळूणला निघालो. सौ.नी आंब्याच्या पाच पेट्या आणि पाण्याचे दोन कॅन मागच्या भिंतीला टेकवून रचले, तिथं जागा मोकळी होती म्हणून. मी बघितलं आणि गप्प बसलो.

बावनदीकडे उतरताना काटा साठच्या पुढे गेला आणि आरशात कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे डोलायला लागली. मग आमच्या गाडीचं बूडही तिच्या तालावर हलू लागलं. "अहो, मागून कोणी धक्का देतंय का?" सौ. म्हणाल्या. पाय ब्रेककडे निघालेला, तो आवरला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, हेलकाव्यांना उत्तर द्यायला गेलो नाही. वेग कमी झाला तशी ती आपोआप शांत झाली. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच करा. वेग वाढवून तिला ताणून सरळ करायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका.

बाजूला थांबलो आणि वडिलांची बैलगाडी आठवली. मागे जास्त भरलं की गाडी उलार व्हायची, म्हणजे जू बैलांच्या मानेवरून उचललं जायचं आणि बैलांचा गाडीवर ताबा राहायचा नाही. आमचंही तेच झालं होतं. पेट्यांनी कॅरॅव्हॅनचं तोंड, म्हणजे गाडीला जोडलेलं पुढचं टोक, उचलून धरलं होतं, आणि तोंडाबरोबर आमच्या गाडीची मागची चाकंही हलकी झाली होती.

म्हणून सामान कसं भरायचं ते आधी सांगतो. जड वस्तू जमिनीलगत आणि चाकांच्या आसावर, थोड्या पुढे चालतील, मागे अजिबात नको. वरच्या कपाटांत चादरी, टोप्या, पोह्यांची पिशवी, इतकंच. भरून झाल्यावर तोंडाचा भार मोजायचा. न्हाणीघरातला वजनाचा काटा कॅरॅव्हॅनच्या कपलिंगखाली, म्हणजे गाडीला अडकणाऱ्या तिच्या पकडीखाली ठेवा, मध्ये बेताच्या उंचीची लाकडी फळी उभी करा आणि पुढचं छोटं चाक वर घ्या, म्हणजे सगळा भार काट्यावर येईल. कॅरॅव्हॅन सपाट जागी हवी आणि तिच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेत. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार तोंडावर असावा. आमची भरून ७४० किलो होते, म्हणजे ३७ ते ५२ किलो. मी ४५ वर ठेवतो. टो-बारवर (कॅरॅव्हॅन ओढायला गाडीच्या मागे बसवतात त्या दांड्यावर) आणि गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार दिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. हे ७४० मी अंदाजानं सांगत नाही. चिरेखाणीच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर जाऊन करून घेतलंय. काटेवाला हसला, पण पावती दिली.

आता गाडी. पहिली गोष्ट म्हणजे गाडीची पुस्तिका उघडा. कित्येक लहान गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथंच संपला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं "काय होत नाय ओ" यात धरायचं नाही. ओढायला परवानगी असेल तर किती किलो, ब्रेक असलेला ट्रेलर की बिनब्रेकचा, हे बघा. त्याशिवाय नवख्यानं भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी. आमची गाडी १३०० किलोची आहे, म्हणजे कॅरॅव्हॅन साधारण ५७ टक्के भरते. घाटात तेवढीच पुरते.

टो-बार गाडीच्या सांगाड्याला, कंपनीनं दिलेल्या जागी बसवायचा, बंपरला नाही. बंद पडलेली गाडी ओढायला जी कडी असते तीही यासाठी नसते. टो-बारवरच्या गोळ्यावर कपलिंग बसतं. आमचा गोळा ५० मिलिमीटरचा आहे. कपलिंग त्याच मापाचं आहे ना ते बघा. आणि कागदपत्रं: मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे मोटार वाहनच आहे. तेव्हा त्याची वेगळी नोंदणी लागते. विमा कंपनीलाही आधी कळवून ठेवा.

जोडताना कपलिंग 'टक्' करून बसल्याचा आवाज आला म्हणून निघायचं नाही. पुढचं छोटं चाक फिरवून कॅरॅव्हॅनचं तोंड वर उचलायचा प्रयत्न करा. तिच्याबरोबर गाडीचं बूडही उचललं गेलं तर पकड बसली. मग ते चाक पूर्ण वर घेऊन आवळा. सुरक्षा साखळी किंवा ब्रेकची वायर अडकवा. दिव्यांचा प्लग लावून कोणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक, इंडिकेटर, मागचे दिवे एकेक करून बघा. आपल्याकडे खाऱ्या हवेनं प्लगच्या पिना हिरव्या पडतात आणि नेमकी अर्थिंगची पिन गेली की डावा इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा लुकलुकतो. मी दर महिन्याला पिना घासून पेट्रोलियम जेली लावतो. टायरचंही तसंच. पावसाचे चार महिने कॅरॅव्हॅन पडवीत उभी असते, नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं होतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गॅसचा सिलिंडर चालत्या गाडीत बंद, आणि कॅरॅव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही. नातीनं रडून आकांत केला तरी नाही.

घाटाचं थोडं विस्तारानं सांगतो, कारण आमच्याकडे सपाट रस्ता असतो कुठे? ही कॅरॅव्हॅन आंबा घाटातून खाली आणली. तिचे ब्रेक गाडीच्या ब्रेकला जोडलेले नाहीत. गाडी हळू झाली की मागून कॅरॅव्हॅन ढकलते, त्या ढकलण्यानं कपलिंगमधला दांडा आत जातो आणि तिच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. युक्ती छान आहे, पण लांब उतारावर कॅरॅव्हॅन सतत ढकलतच असते. म्हणजे तिचे ब्रेक सतत थोडे घासत राहतात आणि तापतात. साखरप्याला थांबून चाकाजवळ नुसता हात नेला तर भाजल्यासारखं वाटलं. आता मी उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकतो, दुसरा नाहीतर तिसरा, आणि तो बदलत नाही. न्यूट्रल तर नाहीच. वेग वाढला की पाय ब्रेकवर ठेवून घासत राहण्यापेक्षा एकदा नीट दाबायचा, वेग उतरवायचा आणि सोडायचा. मध्ये रुंद जागा मिळाली की दहा मिनिटं चहा. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, त्यांनाही तेवढ्यात पुढे जाऊ द्या. पावसाळ्यात मी घाटात कॅरॅव्हॅन नेतच नाही.

गावच्या रस्त्यावर दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात. वळणावर कॅरॅव्हॅनचं चाक गाडीच्या चाकापेक्षा आत कापतं. गाडी सुटली म्हणून तुम्ही निश्चिंत होता आणि मागे जांभ्याचा चिरा पत्र्यात शिरतो. थोडं पुढे जाऊन, बाहेरून वळा. कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर आरशांना लांबवणारे जोड-आरसे लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. रिव्हर्ससाठी एक क्लृप्ती आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. कॅरॅव्हॅन ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात न्या. शाळेच्या रिकाम्या मैदानात चार चिरे मांडून मी दोन दिवस हाच सराव केला. एवढी वर्षं बस चालवलेल्या माणसाला पोरं "आजोबा, उलटं फिरवा!" म्हणून शिकवत होती. कॅरॅव्हॅन वाकडी व्हायला लागली की हट्ट सोडा, पुढे येऊन सरळ करा आणि पुन्हा मागे घ्या. चढावर रिव्हर्स टाळा, क्लचचा वास नाकात जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

जयगडहून तवसाळला किंवा धोपाव्याहून दाभोळला जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं जाणार असाल तर आधी जाऊन लांबी सांगा आणि भरतीच्या आसपासची फेरी धरा. ओहोटीला उतार तिरका होतो आणि कॅरॅव्हॅनचं तोंड किंवा शेपूट जमिनीला घासतं. पुळणीवर मात्र कॅरॅव्हॅन नेऊ नका. गुहागरला वाळूत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर आणावा लागला होता. ती आमची नव्हती, पण ढकलायला मी होतो.

मुक्कामाला आधी ठोकळे, मग हँडब्रेक, मग प्लग आणि साखळी, आणि शेवटी कपलिंग सोडायचं. चार कोपऱ्यांचे पाय नुसते टेकवायचे. ते जॅक नाहीत, त्यांच्यावर कॅरॅव्हॅन उचलली तर वाकतात. सपाट सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार मिळालं तर उत्तम, पण तोंड वाऱ्याकडे ठेवा. नारळाखाली मात्र उभी करू नका. गुहागरच्या ज्या वाडीत आम्ही राहिलो तिथले मालक म्हणाले, "नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यावर पडत नाही." पहाटे चारला तो पडला. माणसाच्या डोक्यावर नाही, आमच्या छपरावर. खळगा अजून आहे. दर वैशाखात, पहिला पाऊस यायच्या आत, तिथं सीलंटचा एक हात मारून घेतो.