ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या बायकांना दवाखान्यात नेताय? या चुका टाळा, मी केलेल्या धरून

दिवाळीच्या मागंपुढं आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, दिसायला लागतात. बीडकडच्या टोळ्या येतात, वीटभट्टीवर गुलबर्ग्याकडची माणसं असतात, चिंचोली एमआयडीसीत बिहार-यूपीची. मी डॉक्टर नाही की नर्स नाही, पण यांच्यातल्या बायकांबरोबर केसपेपर काढायला, रांगेत बसायला काही वर्षं जातेय, तेवढ्यावरून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाषेसाठी जो हाताशी आहे त्यालाच मधे घालणं. मी हेच केलं होतं. भट्टीवरच्या एका कन्नड बाईला घेऊन गेले, तिच्या अकरा वर्षांच्या पोरीला मराठी येत होतं, म्हटलं झालं काम! डॉक्टर मॅडमनी विचारलं पाळी कधी आली, अंगावरून जातं का, नवऱ्यासोबत संबंध येतात का, आणि ती पोर आईकडं न बघता नुसती फरशीकडं बघत बसली. आई म्हणाली, "एनिल्ला." म्हणजे काही नाही. परत येताना कळलं की बाईला दोन महिने रक्त जात होतं, ते पण मधे चहाला थांबलो तिथल्या कन्नड बोलणाऱ्या अक्कानं विचारलं म्हणून. पोरीसमोर कुठली आई सांगेल ओ?

आणि सोलापुरात कन्नड-तेलुगू बोलणारं माणूस मिळत नाही असं तर कुणी म्हणूच नये. पूर्व भागात अख्ख्या पेठा तेलुगू बोलतात, वॉर्डात एखादी सिस्टर नाहीतर मावशी सापडतेच. फक्त ती त्याच भट्टीवरची, त्याच टोळीतली नको, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्या कोप्यांत बातमी. आधी बाईला विचारा, हिच्यासमोर बोलशील का. कुणीच नसेल तर तिची भाषा येणाऱ्या कुणालातरी फोन लावून स्पीकरवर टाका, बाईचं नाव न सांगता. बिहारच्या बायकांना हिंदी येतंच असं धरून चालू नका, घरात भोजपुरी नाहीतर मैथिली असते, त्या नुसती मान हलवतात आणि आपल्याला वाटतं समजलं.

नवरा किंवा मुकादम हलतच नसेल तर भांडू नका. "वजन-बीपी घ्यायचंय, जरा बाहेर थांबा" म्हटलं की थांबतात, त्या पाच मिनिटांत विचारायचं ते विचारून घ्या. गर्भपाताचा विषय निघाला तर एक पक्कं लक्षात ठेवा, 1971 चा कायदा आहे, 2021 ला त्यात बदल झाला, पण 18 च्या पुढच्या बाईची स्वतःची संमती पुरते हे आधीपासूनच आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरी काउंटरवर मागतात, तेव्हा शांतपणे कोणत्या नियमात लिहिलंय ते विचारा.

शेवटच्या पाळीची तारीख. बाईला तारीख आठवत नाही म्हणून तिच्यावर ओरडतात, मला फार राग येतो. सण विचारा की! आपण सवयीनं विचारतो गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी का नंतर, आता बिहारच्या बाईला गड्डा काय माहिती, तिला छठ विचारा. आणि सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या, दिवसांचा अंदाज तेव्हाच जास्त बरोबर येतो.

"परवा या, मग गुरुवारी या" असं तर ऊसतोडीच्या बाईला सांगूच नका. एक दिवस गेला की खाडा, पैसे कापतात, उचल, म्हणजे आधीच घेतलेले पैसे, डोक्यावर असतेच. ती येणार नाही आणि मग आपणच म्हणणार या बायकांना काळजीच नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी, गोळ्या, जमेल तेवढं एकाच फेरीत बसवा.

बाळंतपणानंतर तांबी (कॉपर-टी) बसवायची का हे कळा सुरू झाल्यावर विचारणं ही पण चूकच, त्या वेळी बाई कशालाही हो म्हणते. सातव्या-आठव्या महिन्यातच निवांत बोला. बसवली तर तिला स्पष्ट सांगा की बसवलीय, 380 ए असेल तर 10 वर्षं चालते, नको वाटली तर मधे काढता येते. अंतरा या पाळणा लांबवायच्या इंजेक्शनचं वेगळंच आहे. दर 3 महिन्यांनी घ्यायचं असतं, त्यानं पाळी कधी लांबते, कधी थोडंथोडं डाग लागत राहतं. ज्या घरात बाहेर बसायची पद्धत आहे तिथं रोज डाग म्हणजे रोज चुलीपासून लांब, सासूला उत्तर द्यायचं, म्हणून बाई गुपचूप बंद करते आणि मग दिवस जातात. हे आधी सांगितलं तर ती दुसरं काहीतरी निवडू शकते. पाळी थांबली तर आत रक्त साठतं ही भीती पण काढा, साठत नाही.

गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन मात्र घाईत होऊ देऊ नका. पांढरं जातंय, कंबर दुखतेय, की कुणीतरी सांगतं पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाक, कटकट जाईल. खाडा नको म्हणून बाई पण तयार होते. बीडमधल्या अशा ऑपरेशनांवरून 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती बसवावी लागली होती. पांढरं जाण्याचं कारण बऱ्याचदा साधं इन्फेक्शन असतं, ते औषधानं जातं, कधीकधी नवऱ्याला पण औषध लागतं आणि तेच कुणी देत नाही. ऑपरेशनच सांगितलं तर सिव्हिलला दुसरं मत घ्या, आणि पिशवीबरोबर बीजकोश (अंडाशय) पण काढणार का हे विचाराच, कारण ते काढले की तिशीतच पाळी गेल्याचा सगळा त्रास सुरू होतो.

राहिलं कार्ड. माता-बाल कार्ड मुकादमाकडं किंवा आपल्याकडं ठेवू नका, बाईच्याच हातात द्या, इंजेक्शनची पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, तिच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. हंगाम संपला की ती दुसऱ्या गावी जाणार, तिथली सिस्टर तेच बघून पुढचं देणार. आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, पाचटाच्या कोपीत दवानं कागद दोन रात्रीत मऊ पडतो.