लॉजच्या वायफायवर पाहुण्यांचा डेटा मोजायचा आणि आवरायचा कसा

कोल्हापुरात महाद्वार रोडमागच्या बोळात आमचं सहा खोल्यांचं लॉज आहे, गिऱ्हाईक बहुतेक अंबाबाईच्या दर्शनाचंच. वायफायचा पासवर्ड काउंटरमागं भिंतीला चिकटवलेला असायचा आणि समोरचा चहावाला पण त्याच्यावरच गाणी लावायचा, आम्ही कधी काय बोललो नाय. मग नवरात्रात ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाई देवीच्या भेटीला जाते त्या दिवशी, गर्दी लई आणि नेमका महिन्याचा ५०० जीबी डेटा संपला. प्लॅनचे बारा दिवस बाकी, आणि काउंटरवर बुकिंगचं पान उघडंना. त्यानंतर जे केलं ते सांगतो.

आधी हिशेब. ५०० भागिले ३० म्हणजे दिवसाला साधारण १६ जीबी, त्यातले ४ आपल्याला, राहिलेले १२ सहा खोल्यांना, म्हणजे खोलीला २ जीबी. एचडी पिक्चर तासाला ३ जीबीच्या आसपास खातो, साध्या क्वालिटीत तेच पाऊण जीबीच्या आत बसतं. व्हॉट्सअ‍ॅप, मॅप, ज्योतिबाची बस बघायला २ जीबी भरपूर झाले.

घरच्या राउटरचं गेस्ट नेटवर्क चालू केलं तर पाहुणे वेगळे पडतात, काही राउटरमध्ये स्पीडही बांधता येतं, पण माणशी कोटा त्यात सहसा नसतो. म्हणून मी मायक्रोटिक कंपनीचा छोटा राउटर घेतला. नेटवाल्याच्या डब्यातनं केबल काढून मायक्रोटिकच्या १ नंबर पोर्टला लावायची, लॅपटॉप २ नंबरला, विनबॉक्स (मायक्रोटिकची सेटिंग करायचं सॉफ्टवेअर) उघडायचं, आयपी मेनूत हॉटस्पॉट (पाहुण्याला आधी लॉगिनचं पान दाखवणारी सोय), तिथं हॉटस्पॉट सेटअप, इंटरफेस म्हणून ब्रिज (बाकीची पोर्टं आणि वायफाय एकत्र बांधलेला गट) निवडायचा आणि पुढं नेक्स्ट नेक्स्ट. शेवटी एक युजर मागतो तो स्वतःचा ठेवा.

मग हॉटस्पॉटच्या युजर प्रोफाइलमध्ये रेट लिमिट, म्हणजे स्पीडची मर्यादा, २एम/५एम (एम म्हणजे एमबीपीएस). पहिला आकडा पाहुण्याच्या अपलोडचा, दुसरा डाउनलोडचा, मी पहिल्या दिवशी उलटं टाकलं होतं. शेअर्ड युजर्स १, म्हणजे एका कोडवर एकावेळी एकच फोन. नंतर युजर्समध्ये खोलीला दोन कोड (युजरचं नाव आणि पासवर्ड) करायचे आणि प्रत्येकाला लिमिट बाइट्स टोटल, म्हणजे एकूण डेटाचा कोटा, १जी (१ जीबी). लिमिट अपटाइम मी वापरत नाय, कारण तो चेक-इनपासूनचा वेळ नसतो, लॉगिन असेल तेवढाच वेळ मोजतो.

आता खरी मेख. एवढं सगळं करूनही स्पीड बांधलंच जात नव्हतं, चार नंबरच्या खोलीतलं पोरगं आरामात ४० एमबीपीएस ओढतंय आणि मी दोन रात्री रेट लिमिटच बदलत बसलोय. दोष होता फायरवॉलमधल्या (कुठला डेटा जाऊ द्यायचा ते ठरवणारे राउटरचे नियम) फास्टट्रॅकचा. राउटरच्या मूळ सेटिंगमध्ये तो नियम चालूच असतो आणि त्यातनं जाणारा डेटा स्पीडच्या रांगेला वळसा घालून निघून जातो. फायरवॉल, फिल्टर रूल्समध्ये तो शोधा आणि डिसेबल करा.

तिथंच अजून एक काम. नेटवाल्याच्या डब्याला आपला सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) लावलेला असतो आणि हॉटस्पॉटमधनं पाहुणा तिथवर पोचू शकतो. फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधनं आरपार जाणाऱ्या डेटाचे नियम) डेस्टिनेशन १९२.१६८.१.०/२४, अ‍ॅक्शन ड्रॉप (अडवा) असा नियम टाका (तुमच्या डब्याचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला) आणि सगळ्यात वर सरकवा. नेट बंद पडत नाय, काळजी नको.

मॅक अ‍ॅड्रेसवर (फोनच्या वायफायचा ओळख नंबर) मोजायच्या नादाला लागू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवतात, वायफाय विसरून परत जोडलं की कधीकधी नवाच पाहुणा दिसतो. कोडवर मोजलेलं चुकत नाय. आणि लॉगिनचं पान आपोआप आलं नाही तर ब्राउजरमध्ये १९२.१६८.८८.१ टाकायला सांगा, वयस्कर मंडळी इथंच अडकतात.

रोज सकाळी अकराला चेक-आउट झालं की युजर्सच्या यादीत कुणी किती खाल्लं ते बघतो, वहीत लिहितो, मग रिसेट काउंटर्स दाबतो आणि पासवर्ड बदलतो. कुकीज टॅबमधली जुनी नोंदही (आधी लॉगिन झालेला फोन लक्षात ठेवणारी) उडवा, ती मुळात ३ दिवस टिकते, म्हणजे पासवर्ड बदलायचा राहिला तर गेलेला पाहुणा खालच्या चहाच्या टपरीवर बसून परत आत येऊ शकतो. नवे दोन कोड चिठ्ठीवर लिहून किल्लीच्या बिल्ल्याला रबर लावून ठेवतो. चहावाल्याला पण एक कोड दिलाय, ५०० एमबीचा.