बारावीचं समाजशास्त्र: उत्तरपत्रिकेतल्या या चुका टाळा

समाजशास्त्रात गुण जातात ते पाठांतर कमी पडल्यामुळे क्वचितच. मत ठोकायची घाई नडते. 'नागरीकरण स्पष्ट करा' म्हटलं की ठाणे स्टेशनची गर्दी, हरवलेली माणुसकी, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक असं पानभर येतं. ही तक्रार झाली. एकूण लोकसंख्येत शहरी लोकसंख्येचा वाटा वाढत जाणं, ही व्याख्या आधी लिहा, मग गर्दीकडे वळा.

इथेच दुसरी गल्लत होते. नागरीकरण वेगळं आणि नागरी जीवनशैली वेगळी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लुई वर्थने 1938 मध्ये लोकसंख्येचा आकार, घनता आणि विविधता यांवरून ही जीवनशैली समजावली. नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणाभोवती शहर वाढलं आणि तिथलं कुटुंब जागचं न हलता शहरात आलं, हे नागरीकरण. शेजारच्या टॉवरमध्ये समोरच्या दाराआड कोण राहतं हे ठाऊक नसणं, ही जीवनशैली.

उदाहरणं गाइडमधून उचलू नका. चळवळ म्हटली की सगळेच 'चिपको' लिहितात. चूक नाही, पण नवी मुंबई उभी राहताना घडलेलं आंदोलन आपल्या हाताशी आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. नेतृत्व दि. बा. पाटील यांचं. गोळीबारात 5 जणांचा बळी गेला, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. असंतोष, नेतृत्व, संघटित कृती, परिणाम हे सगळे घटक एकाच उदाहरणात दाखवता येतात. मात्र तीन-चार ओळींत आटपा. इतिहासाचा पेपर नाही हा.

'आदिवासी म्हणजे शहरापासून लांब जंगलात राहणारे' हे वाक्य तर खोडूनच टाका. येऊरचे आदिवासी पाडे ठाणे शहराला लागून आहेत.

'चूक की बरोबर, सकारण' मध्ये कारण नसेल तर नुसत्या 'बरोबर'ला काही किंमत नाही. 'फरक स्पष्ट करा' मध्ये दोन्ही बाजूंचे मुद्दे एकाच निकषावर समोरासमोर हवेत. डावीकडे व्याख्या आणि उजवीकडे उदाहरण असं नको.

प्रकल्पासाठी आपल्याच सोसायटीतल्या दहा घरांना विचारून 'ठाणेकरांचं मत असं आहे' असा निष्कर्ष काढू नका. कुणाला, कुठे, कसं विचारलं ते लिहा. 'मोबाइलमुळे नाती बिघडतात, असं वाटतं ना?' हा प्रश्न तर प्रश्नावलीत नकोच; उत्तर त्यातच दिलेलं आहे.