फोर्स मर्ज अडकलाय? आधी हे बघा
इलास्टिकसर्चवर (डेटा साठवून शोधायचं सॉफ्टवेअर) फोर्स मर्ज मारला, म्हणजे इंडेक्समधले (डेटाच्या साठ्यातले) छोटे सेगमेंट, म्हणजे फायलींचे तुकडे, जबरदस्तीने जोडायला लावले, आणि टर्मिनलवर टाइमआउट आला तर लगेच परत मारू नका, कनेक्शन तुटलं तरी काम आत चालूच असतं, टास्क लिस्ट काढा म्हणजे दिसेल. मग डिस्क बघा, कारण नवा सेगमेंट पूर्ण लिहून होईपर्यंत जुने तसेच राहतात, म्हणजे शार्डच्या (इंडेक्सच्या एका भागाच्या) दुप्पट जागा लागू शकते, आणि डिस्क डीफॉल्ट 95 टक्क्यांच्या वर गेली की त्या नोडवरच्या (सर्व्हरवरच्या) इंडेक्सवर लिहिणंच बंद, मग बसा बोंबलत! आणि रोज लिहिताय त्या इंडेक्सला तर हातच लावू नका, कारण फोर्स मर्जने 5 जीबीच्या वरचा सेगमेंट झाला की आपोआप होणारा नेहमीचा मर्ज त्याला सहसा शिवत नाही, डिलीट केलेले डॉक्युमेंट आत पडून राहतात. जुने लॉग असतील तर खुशाल करा, रात्री.