सिरॅमिकची पदवी मिळाली, आता स्वतःचा स्टुडिओ कसा उभा करायचा?

दरवर्षी निकाल लागले की कुणी ना कुणी माझ्या स्टुडिओत येतं. हातात पोर्टफोलिओ असतो, नखांत अजून माती असते आणि पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "ताई, भट्टी कुठली घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. भट्टी सगळ्यात शेवटी घ्या.

कॉलेजात भट्टी, चाक, मळलेली माती, ग्लेझच्या (भांड्यावर भाजून काचेसारखा होणाऱ्या लेपाच्या) बादल्या सगळं आयतं मिळतं. त्यामुळे भट्टी आली की स्टुडिओ झाला असं वाटतं. पण भट्टी घेतली की किती मोठ्या वस्तू करायच्या, किती तापमानाला भाजायच्या, वीजजोडणी कुठली लागेल, भाडं किती परवडेल हे सगळं तिच्यामागे फरफटत येतं. स्वतःची वस्तू ठरण्याआधी भट्टी घेतलेले माझे दोन मित्र आज तिच्यात इतरांचा माल भाजून देतात आणि स्वतःचं काम मागे पडलंय. म्हणून क्रम महत्त्वाचा. मी सांगते तो क्रम पुण्यात, भाड्याच्या जागेत, मग-वाट्या-ताटल्या करणाऱ्या एकट्या माणसाचा आहे. शिल्पं किंवा म्यूरल करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असेल.

आधी सहा महिने ते वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली

पदवीच्या काळात आपण एक वस्तू उत्तम करायला शिकतो. धंद्यात तीच वस्तू चाळीस वेळा करावी लागते आणि चाळिसावी पहिलीसारखी दिसावी लागते. हे चालत्या स्टुडिओतच शिकायला मिळतं. पुद्दुचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी हे त्याचं मोठं उदाहरण. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये ते सुरू केलं आणि तिथे काम करून बाहेर पडलेल्यांनी पुढे देशभर स्वतःचे स्टुडिओ काढले. एवढ्या लांब जाणं जमलं नाही तर आपल्या शहरातल्या एखाद्या स्टुडिओत जा. माती मळा, भट्टी लावा, भट्टी काढा, ऑर्डरी पॅक करा. मुंबईत असाल तर धारावीच्या कुंभारवाड्यात एक दिवस नुसतं बसून बघा. सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या पिढ्या तिथे पणत्या आणि माठ घडवत आल्या आहेत. हात कुठे थांबतो, कुठे थांबत नाही, हे तिथे जितकं कळतं तितकं मला कुठल्या वर्गात कळलं नाही.

याच काळात संध्याकाळी स्वतःचं काम करा आणि ते पैसे देऊन दुसऱ्याच्या भट्टीत भाजून घ्या. बरेच स्टुडिओ घनफळावर किंवा शेल्फवर पैसे घेऊन भाजून देतात.

एकच तापमान, एकच माती

यानंतरचा निर्णय तापमानाचा. लाल मातीचं काम साधारण १००० ते १०६० अंशांना भाजतं, पण ती भांडी सच्छिद्र राहतात. रोज वापरायच्या मग-ताटल्यांसाठी स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली घट्ट भांडी हवीत. भाजणी मोजतात ती कोनने: हा भट्टीत ठेवायचा छोटा सुळका, ठरलेली उष्णता मिळाली की वाकतो, आणि त्याला क्रमांक असतात. त्यात दोन रस्ते आहेत: कोन ६, म्हणजे सुमारे १२२० अंश, किंवा कोन १०, म्हणजे १३०० अंशांच्या आसपास. विजेच्या भट्टीवर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी कोन ६ च सुचवीन. वीज कमी लागते, भट्टीच्या तारा जास्त टिकतात आणि रंग जास्त खुलतात. कोन १० चं खरं सौंदर्य गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत, ऑक्सिजन कमी ठेवून भाजताना येतं. तिकडे नंतर जाता येईल.

तापमान ठरलं की त्याला जुळणारी एकच तयार माती निवडा आणि वर्षभर तीच वापरा. स्वतः माती बनवायचा मोह टाळा. दोन गोष्टी मात्र स्वतः मोजा. पहिली आकसणी: ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि भाजून झाल्यावर मोजा. रेघ ८.८ भरली तर माती १२ टक्के आकसते, म्हणजे १० सेंटिमीटर उंचीचा मग हवा असेल तर चाकावर तो ११.४ चा घडवावा लागेल. दुसरी पाणी शोषण्याची: ग्लेझ न लावलेला भाजलेला तुकडा कोरडा असताना वजन करा, काही तास पाण्यात उकळवा, रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचा तुकडा २०६ भरला तर शोषण ३ टक्के झालं. चहाच्या मगाला हे जास्त आहे. दीड-दोन टक्क्यांच्या आत आणा, नाहीतर मग तळातून पाझरेल आणि टेबलावर डाग पडतील.

ग्लेझ: तीन पुरेत, पण वही हवीच

पहिल्या वर्षी पारदर्शक, पांढरं आणि एक रंगीत, अशी तीन ग्लेझं ठेवा. आणि एक जाड वही. त्यात प्रत्येक भाजणीची तारीख, चढतीचा वेग, शेवटचं तापमान, वरच्या, मधल्या आणि खालच्या शेल्फवरचा कोन किती वाकला ते लिहायचं. आणि कच्च्या मालाचं पोतं कधी उघडलं तेही.

हे शेवटचं मी शिकले ती दिवाळी मी विसरणार नाही. चाळीस मगांची ऑर्डर होती. दोन वर्षं बिनबोभाट चाललेलं पांढरं ग्लेझ, तीच कृती, तोच वजनकाटा. फक्त फेल्स्पारचं, म्हणजे ग्लेझ वितळवणाऱ्या खनिजाचं, नवीन पोतं उघडलं होतं. भट्टी उघडली तेव्हा वरचे मग सुंदर दिसले, म्हणून मी एक उचलायला गेले, तर तो हलेना. ग्लेझ ओघळून बुडाखाली जमलं होतं आणि मग शेल्फला काचेने चिकटला होता. एकेक मग छिन्नीने काढताना बुडाचे टवके उडत होते. चाळिसातले सहा वाचले. फेल्स्पार खाणीतून निघतं आणि पोत्यागणिक त्यातलं सोडियम, पोटॅशियम बदलू शकतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आता नवीन पोतं आलं की आधी चार चकत्या उभ्या ठेवून भाजते आणि मगच बादली कालवते. शेल्फला अॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समप्रमाणात कालवून थर देते आणि मगाच्या बुडापासून चार मिलिमीटर ग्लेझ पुसून काढते.

ज्यात खायचं-प्यायचं आहे त्या वस्तूंवर शिसं आणि कॅडमियम असलेला कच्चा माल नकोच. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. सकाळी रंग उडालेला किंवा चकाकी गेलेली दिसली तर ते ग्लेझ भांड्याच्या आत लावू नका. पण डाग पडला नाही म्हणजे ग्लेझ सुरक्षित असंही नाही. विक्रीला काढण्याआधी एकदा प्रयोगशाळेतून शिसं आणि कॅडमियमची चाचणी करून घ्या.

जागा आणि वीज

अडीचशे-तीनशे चौरस फूट पुरतात. जागा तळमजल्यावर हवी. मातीची पोती आणि भट्टी जिन्याने चढवताना पाठ जाते. जागा बघायला जाताना टेप न्या आणि दाराची रुंदी मोजा. भट्टी दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागलेली मी पाहिली आहे.

विजेचं गणित घरमालकाशी बोलण्याआधी करा. १०० लिटरची भट्टी साधारण ७ किलोवॅटची धरली तर सिंगल फेजवर ती ३० अँपियर ओढते. जुन्या वायरिंगला हे झेपणार नाही. थ्री फेजवर तोच भार फेजमागे १० अँपियरवर येतो. म्हणून थ्री फेज आहे का, मंजूर भार किती, तो वाढवून मिळेल का आणि कुठल्या दराने बिल येईल हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. माझ्या वायरमनदादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, बाकी कशातही वाचवा, अर्थिंगमध्ये वाचवू नका." भट्टीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, भिंतीपासून किमान दीड फूट अंतर आणि धूर बाहेर काढणारा पंखा हवाच.

गाळाचं पाणी कधीच थेट गटारात सोडू नका. ओळीने तीन बादल्या ठेवा. पहिलीत हात धुवा, दुसरीत खंगाळा, तिसरीत शेवटचं पाणी. तळाशी बसलेली माती पुन्हा मळायला येते.

आणि झाडू मारू नका. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसा, ग्लेझ कालवताना एन-९५ मास्क लावा. पंचविशीत हे फुकटचं सोवळं वाटतं, पण तीस वर्षं काम करायचं असेल तर याच वयात सवय लागली पाहिजे.

आता भट्टी

इथवर आलात की तुमचा सगळ्यात उंच नग केवढा, महिन्याला किती नग, किती तापमान हे माहीत असतं. बहुतेकांना ८० ते १२० लिटर पुरते. फार मोठी घेतली तर ती भरायलाच तीन आठवडे लागतात आणि तोवर चाचण्या अडकतात. विकणाऱ्याला विचारा: भट्टी १२८० अंशांपर्यंत जाते का, तारा बदलायला किती खर्च येतो, थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारी तार) कुठला आहे? के प्रकारचा थर्मोकपल १२०० च्या वर वारंवार नेला की चुकीचं तापमान दाखवू लागतो. एस किंवा आर प्रकारचा महाग असतो, पण टिकतो. कंट्रोलर काहीही दाखवो, प्रत्येक भाजणीत शेल्फवर कोन ठेवा. भट्टी किती तापली एवढंच यंत्र सांगतं, मातीने किती उष्णता घेतली ते कोन सांगतो.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. मुद्रा कर्जात शिशु गट ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गट ५ लाखांपर्यंत आहे. पहिल्या चाकाला आणि भट्टीला ते पुरेसं ठरतं. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. सोबत वर्कशॉपची फी घेत असाल तर २० लाखांची मर्यादा धरा, आणि माल राज्याबाहेर पाठवण्याआधी सीएचा सल्ला घ्या.

किंमत कशी काढायची

नवी मुलं इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून एका मगाचा हिशोब पूर्ण मांडते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला.

माती आणि ग्लेझ २५ रुपये. दोन्ही भाजण्या (ग्लेझ लावण्याआधीची बिस्क आणि नंतरची ग्लेझची) मिळून ७५ युनिट वीज, १० रुपयांनी ७५०. भट्टीत ४० मग बसतात, म्हणजे मगामागे १९. वेळ: चाकावर १० मिनिटं, बूड कोरायला ८, कान जोडायला ७, ग्लेझिंगला ६, घासणं आणि पॅकिंगला ९. एकूण ४० मिनिटं. तासाचे २५० रुपये धरले तर १६७. भाडं, भट्टीच्या तारा, इतर खर्च महिन्याला १८,००० आणि महिन्याला २०० नग, म्हणजे ९०. बेरीज ३०१. पण शंभरातले पंधरा नग तडकतात, वाकतात, चिकटतात. ३०१ ला ०.८५ ने भागलं की ३५४. ही नुसती लागत झाली. त्यावर २० टक्के नफा धरला तर ४२५. आणि दुकान ४० टक्के कमिशन घेणार असेल तर दुकानातली किंमत ७०८ हवी.

"सातशे रुपयांना मग कोण घेईल?" हा पुढचा प्रश्न. घेतात. पण त्याआधी कान जोडायला सातऐवजी चार मिनिटं लागतील का, पंधरा टक्के नासाडी आठवर येईल का, ते बघा. किंमत उतरवायची ती अशी. स्वतःच्या तासाचे पैसे कापून नाही. आणि दुकानात जी किंमत तीच प्रदर्शनात ठेवा. तुम्ही स्वतः स्वस्त विकलंत तर दुकानदार पुन्हा माल ठेवणार नाही. माल विकला गेल्यावर पैसे, या बोलीवर देणार असाल तर नगांची यादी, कमिशन, पैसे देण्याची तारीख आणि फुटलेल्याचं नुकसान कुणाचं हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

सुरुवातीची दोन वर्षं नुसत्या विक्रीवर भाडं निघणं अवघड आहे. शनिवार-रविवारचे वर्ग घ्या. त्यात कमीपणा काही नाही, उलट तुमचे पहिले ग्राहक बहुतेक तिथूनच येतात.

वर्षाचं वेळापत्रक पावसाभोवती बांधा

विक्रीचा हंगाम गणपतीनंतर सुरू होतो, दिवाळीत शिगेला जातो, आणि मुंबईचा काळा घोडा महोत्सव जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. म्हणजे दिवाळीचा माल ऐन पावसात घडवावा लागतो, आणि उन्हाळ्यात दीड दिवसात वाळणारा मग जुलैत आठवडाभर वाळत नाही. पातळ कान आधी सुकतो, जाड अंग ओलं राहतं आणि सांध्याला तडा जातो. म्हणून कानांना प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि अंग उघडं ठेवा. वाळलं की नाही हे गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे, आणि ते पाणी भट्टीत शंभर अंशांना वाफ होऊन नग फोडतं. पावसाळ्यात मी बिस्कची भट्टी रात्रभर ८० ते ९० अंशांवर ठेवते आणि सकाळी चढवायला घेते.

सजावटीचे जड नग मार्च ते मे मध्ये घडवून, भाजून ठेवा. जून ते ऑगस्ट फक्त मग, वाट्या, पणत्या. दिवाळीच्या ऑर्डरी ऑगस्टअखेर बंद करा आणि त्यानंतर फोन आला तर नम्रपणे नाही म्हणा, कारण एक भाजणी फसली तर ती पुन्हा करायला लागणारे बारा दिवस तुमच्या हातात असायला हवेत.