युद्धातला व्हिडिओ हाती आला तर फॉरवर्ड नको, आधी जपून ठेवा

२०२२ला युक्रेनच्या खारकिव, सुमीमधून आपली मेडिकलची मुलं परत आली तेव्हा बऱ्याच जणांच्या फोनमध्ये बंकरमधले, आजूबाजूच्या पडझडीचे व्हिडिओ होते. घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी हात जोडले आणि पुढे स्टोरेज फुल झालं म्हणून कुणी डिलीटही केले असतील. असा फोन तुमच्या घरात अजून असेल, किंवा उद्या दुसऱ्या कुठल्या युद्धातून ओळखीतल्या कुणी काही पाठवलं तर काय करायचं ते लिहितेय, कारण अशा क्लिप्सवरून खरंच वॉरंट निघालंय. लिबियात बेनगाझी भागात पकडलेल्या ३३ लोकांना गोळ्या घालतानाचे व्हिडिओ फेसबुकवर फिरत होते, त्यांचा आधार घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये महमूद अल-वरफल्ली या तिथल्या लष्करी कमांडरवर वॉरंट काढलं. (खटला उभा राहायच्या आतच २०२१ला तो मारला गेला, त्या ३३ जणांच्या घरच्यांना कोर्टात काहीच ऐकायला मिळालं नाही, याचं फार वाईट वाटतं.)

सगळ्यात आधी, ओरिजिनल फाइलला हात लावू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि कधी, कुठे, कुठल्या फोनवर काढला ही आतली माहिती गळून जाते, म्हणून केबलने लॅपटॉपवर घ्या, एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कापणं, चेहरे ब्लर करणं सगळं कॉपीवर. मग फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढून ठेवा, विंडोजमध्येच त्याची सोय आहे, ६४ अक्षरा-आकड्यांची एक ओळ मिळते. फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी ती ओळ पार बदलते, त्यामुळे दहा वर्षांनी समोरचा वकील छेडछाड झालीय म्हणाला तर उत्तर तयार असतं.

व्हिडिओ ऑनलाइन दिसला असेल तर लगेच डाउनलोड करा, लिंक, अकाउंटचं नाव, तारीख लिहा, आख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. उद्या बघू म्हणू नका, २०१७ला यूट्यूबच्या ऑटोमॅटिक सिस्टीमने सीरियातले हजारो व्हिडिओ उडवले होते, त्यात अत्याचारांचे पुरावेही गेले.

तिथे असलेल्या माणसाला एवढंच सांगा, जीव आधी. जमलंच तर कॅमेरा हळू फिरवून चौक, मिनार, दुकानाची पाटी घ्यायची, तारीख-वेळ-जागा तोंडाने बोलायची, मग जवळचं. बॉम्बच्या तुकड्यावर नंबर असेल तर लांबून झूम करून घ्यायचा, हात अजिबात लावायचा नाही, न फुटलेला असू शकतो.

नुसता नंबरही किती कामाला येतो बघा, सीरियाच्या लष्करातल्या एका फोटोग्राफरने, सीझर या टोपणनावाने तो ओळखला गेला, २०१३ला पन्नास हजारांहून जास्त फोटो देशाबाहेर काढले, त्यातल्या कैद्यांच्या मृतदेहांवर नाव नव्हतं, नुसते नंबर होते, कैद्याचा आणि कुठल्या गुप्तचर शाखेने डांबलं तिचा. हेच फोटो जर्मनीत कोब्लेंझच्या कोर्टात पुराव्यात आले आणि जानेवारी २०२२ला अन्वर रसलान या माजी कर्नलला जन्मठेप झाली. गुन्हा सीरियातला, खटला जर्मनीत, कारण मानवतेविरुद्धचा गुन्हा कुठेही घडला असला तरी त्याचा खटला तिथे चालवता येतो.

ज्याच्यावर बेतलंय त्याला मात्र खोदून खोदून विचारू नका, विशेषतः लैंगिक अत्याचार असेल तर. पाच जणांनी पाच वेळा वदवून घेतलं की तपशील थोडे बदलतात आणि कोर्टात त्याच माणसाला खोटं पाडतात. नाव, संपर्क परवानगीने घ्या, बाकी ट्रेनिंग असलेल्यांवर सोडा.

पाठवायचं कुठे? हेगच्या न्यायालयाच्या प्रॉसिक्युटर ऑफिसचं ओटीपीलिंक हे ऑनलाइन पोर्टल २०२३पासून आहे, तिथे कुणीही माहिती देऊ शकतं, भारत त्या कोर्टाचा सदस्य नसला तरी. उशीर झाला असं वाटून गप्प बसू नका, त्या कोर्टातल्या गुन्ह्यांना मुदत नसते.

आणि फाइल कुणाकडून कधी आली, कुणाला कधी दिली हे एका वहीत तारखेसकट लिहा. तो जुना फोनसुद्धा रीसेट करू नका, एक्स्चेंज ऑफरमध्ये तर मुळीच देऊ नका.